सात नंबरची चावी

ऑफिसच्या फळीवर बारा खिळे, बारा चाव्या,
प्रत्येकीला सीडरचा ढलपा, त्यावर डागलेला आकडा.
ओझार्कच्या डोंगरात इतक्या आत आलेले लोक
आधी विचारतात वायफायचं, मग माशांचं.
मी सांगतो : पहिलं नाही. दुसरं तुमच्या नशिबावर.

मंदीच्या दिवसांत बांधल्या या केबिन
अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी.
महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस परस्पर घरी,
पाच हातात, तंबाखूपुरते.
ओंडक्यांवर अजून कुऱ्हाडीचे घाव दिसतात,
कुणाचा हात जड, कुणाचा चुकार.
चार नंबरच्या धुराड्यात एक दगड उलटा बसलाय
आणि नव्वद वर्षं तसाच उलटा शाबूत आहे.
तळंही त्यांनीच केलं. ओढ्याला बांध घातला
आणि दरी भरायची वाट पाहत बसले.

ओलेटा प्रुइट दर नोव्हेंबरला यायची.
सात नंबर. दुसरी कुठली चालायची नाही.
पैसे रोख, नाणी मोजून, वर पावती हवी.
"आजोबांच्या जमिनीवर झोपायचे रात्रीला पंच्याऐंशी डॉलर,"
म्हणायची, "आणि टॅक्स वेगळा."
हसायची नाही.
मी हसून बसायचो, मग ते हसू कुठे ठेवावं कळायचं नाही.

सकाळी तळ्यावर धुक्याची साय धरलेली,
तिच्यात तिची होडी. वल्ह्यावर नातू, कोल्बी.
दोन ओक आणि टेकडीवरची पाण्याची टाकी
एका रेषेत आली की म्हणायची, "इथे."
मासे तिथे नाहीत, हे कोल्बीला ठाऊक, मला ठाऊक,
माशांनाही ठाऊक.
ते सगळे बांधाकडे, बुडालेल्या झाडांच्या सावलीत.
गळ मात्र हमखास अडकायचा.
कोल्बी वैतागून सुरी काढायचा.
"थांब जरा," ती म्हणायची, "चुलीला लागला असेल."

मग एका वर्षी बांधाची झडप दुरुस्त करायला
तळं उतरवलं.
मी एकेकाला फोन केले : पाणी नाही, मासे नाहीत, पैसे परत.
शिव्या खाल्ल्या. शेवटी तिला लावला.
"किती उतरलंय?"
"मधली चर सोडली तर सगळंच."
पलीकडे कुणीतरी भांडी विसळत होतं, ते थांबलं.
"मग या खेपेला तीन रात्री लाव."

चिखलावर मी फळ्या टाकत गेलो, ती मागून काठी टेकत.
पंच्याऐंशी वर्षांची, कोल्बीचे बूट घालून.
तीन पायऱ्या निघाल्या. दाराचा दगड.
पुढे ढासळलेलं धुराडं,
आणि त्याच्या फटीफटींत गळ,
शिशाचे गोळे, रंग उडालेले खोटे मासे,
नायलॉनचा गुंताडा, कितीतरी वर्षांचा, शेवाळलेला.
ती खाली बसली. एकेक सोडवत गेली,
जशी बाई पोराच्या केसांतले काटे काढते.
"हा माझा. हा माझा नाही. हा माझा."
पिवळा एक तिनं कोल्बीला दाखवला :
"हा तुझ्या आजोबांचा. मला म्हणाले होते, माशानं नेला."

मी आपला बाजूला उभा, काय करावं न सुचून.
तिनं मान वर केली.
"तू स्वयंपाकघरात उभा आहेस," म्हणाली. "बूट काढ."
आणि मी, घोटाभर चिखलात,
खरंच वाकलो नाडी सोडायला.

जाताना चावी दिली. पावती मागितली.

मार्चपर्यंत तळं पुन्हा भरलं.
पुढच्या नोव्हेंबरात सात नंबर रिकामी राहिली, मी कुणाला दिली नाही,
त्यापुढच्या वर्षी द्यावी लागली.
आता कधी कुणी भिजलेला माणूस ऑफिसात येतो,
म्हणतो, तिथे मधोमध गळ कशात तरी अडकलाय,
ओढून ओढून हात सोलवटले.
मी म्हणतो, ओढू नका.
दोरी कापा. ती चूल आहे.